कंसातलं नाव

ते जाडजूड पुस्तक मी रद्दीत घालणार होते, हे आधीच कबूल करून टाकते.

वसईतल्या एका शाळेत मी तेव्हा मराठी शिकवत असे, आणि मराठीच्या बाई म्हणून ग्रंथालयही माझ्याच गळ्यात होतं. ग्रंथालय म्हणजे चार कपाटं आणि एक डुगडुगणारं टेबल. नव्वदीची मधली वर्षं असतील. जहाजावर नोकरी करणाऱ्या कुणा माजी विद्यार्थ्याच्या घरच्यांनी जुन्या पुस्तकांचं एक पोतं शाळेला भेट दिलं. त्याच्या तळाशी विटेएवढा जाड इंग्रजी ग्रंथ निघाला. अमेरिकेतल्या कॉमिक्समधल्या अचाट शक्तीच्या नायकांचा आणि खलनायकांचा कोश! पानोपानी घट्ट कपड्यांतली, छाती फुगवलेली माणसं. पहिली काही पानं गळालेली. मी साताऱ्याकडची, मराठी वाङ्मय घेऊन एम.ए. झालेली, असल्या पुस्तकाला दाखल क्रमांक द्यायला माझा हात धजेना. मी ते उचलून रद्दीच्या ढिगावर ठेवलं.

"बाई, हे टाकता?" मागून भाऊसाहेबांचा आवाज आला.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या शाळेचे क्लार्क. हजेरीपटावर त्यांचं नाव कैतान मिंगेल आणि पुढे आडनाव असं होतं, पण शाळेच्या क्लार्कला भाऊसाहेबच म्हणायचं असतं, त्यामुळे कैतान हे नाव मला दोन वर्षांनी कळलं. बारीक अंगकाठी, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन पटावरून एखादं नाव कमी करताना लागायचं, आणि ते उघडायची वेळ आली की त्यांचा चेहरा पडायचा. नंदाखालहून सायकलीवर यायचे आणि श्रावणी शनिवारी स्टाफरूमसाठी कॅरियरला केळीच्या पानांची गुंडाळी बांधून आणायचे. स्वतः ख्रिस्ती, पण पानं कोणत्या बाजूनं मांडायची हे आम्हा सगळ्या बायकांना तेच शिकवायचे.

"पण भाऊसाहेब, हे कॉमिक आहे," मी म्हणाले.

"कॉमिक नाही, बाई. रजिस्टर आहे हे." एव्हाना त्यांनी ते उघडून हातात धरलं होतं. "हे बघा. नाव, खरं नाव, व्यवसाय, नातेवाईक, उंची, वजन, डोळ्यांचा रंग. आपल्या जनरल रजिस्टरसारखंच."

पुस्तक त्यांच्या टेबलावर गेलं आणि पुढची आठ-नऊ वर्षं तिथेच राहिलं.

मधल्या सुट्टीत चहा आला की भाऊसाहेब फूटपट्टी काढत, एकेका ओळीखाली ठेवत आणि वाचत. शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश असे. दिवसाला एक पात्र, त्याहून जास्त नाही. वाचून झालं की फूटपट्टी पुसून ठेवत आणि म्हणत, "नोंद झाली." मी चिडवायची, "काय, आज कोण उडालं?" ते शांतपणे सांगायचे. आज एक बाई होती, तिला पाण्याखालचं सगळं ऐकू येतं, पण जमिनीवर अर्धवट बहिरी आहे. आज एक जण होता, त्याला हात लागला की लोखंड मऊ होतं, त्यामुळे बिचाऱ्याला चमच्यानं जेवता येत नाही. हे सगळं इतक्या गांभीर्यानं, की आमचे पी.टी.चे सर एकदा कळवळून म्हणाले, "मग जेवतो कसा?"

"लाकडी चमच्यानं," भाऊसाहेब म्हणाले. "आहे इथं, नोंद आहे."

मला राहवेना. एवढा वाचणारा माणूस आणि वाचतो काय! मी त्यांना चांगल्या कादंबऱ्या नेऊन दिल्या. त्यांनी त्या कव्हर घालून, वेळेवर परत केल्या. एकदा कुणीतरी त्यांना त्याच कंपनीची खरी कॉमिक्सही आणून दिली. चार पानं चाळून त्यांनी ती बाजूला ठेवली.

"का हो? तुमचीच मंडळी ना यात?"

"यात एकाचंच सगळं चाललंय, बाई. बाकीचे नुसते पळतात." मग त्यांनी कोश उघडला आणि एक पान माझ्यापुढे सरकवलं. एका चौकटीत टकला, जाडा, केविलवाणा माणूस काढला होता. "हा बघा. व्यवसाय, नळजोडणी. एका अपघातात याला पाणी वळवायची शक्ती आली. एकाच अंकात आलाय आणि चौदाव्या पानावर मेलाय. तरी त्याची उंची आहे, वजन आहे. डोळे पिंगट. एक बहीण आहे. आणि त्याच्या पुढच्याच पानावर यांचा सगळ्यात मोठा नायक. का? तर अक्षरानुक्रम! कोशात कुणी कुणाच्या पुढे घुसत नाही. गोष्टीत ज्याची गोष्ट असते तेवढाच असतो, बाई. इथं सगळे असतात."

मी "पण" म्हणून तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या नळवाल्याचे पिंगट डोळे मला अजून आठवतात.

या कोशापायी भाऊसाहेबांवर एकदा बालंट आलं. दहावी नापास झालेल्या एका मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापिकांच्या सहीला गेला. दाखल्यावर वर्तणुकीपुढे आम्ही सगळ्यांचंच "चांगली" लिहितो आणि शेऱ्याच्या रकान्यात एक आडवी रेघ मारतो. या दाखल्यावर रेघ नव्हती. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "झाडावरचा नारळ उतरवण्याजोगा झाला की नाही, हे खालून पाहून अचूक सांगतो."

मुख्याध्यापिकांच्या खोलीतून आवाज आला, तो आठवीच्या वर्गापर्यंत गेला. "भाऊसाहेब, हा सरकारी कागद आहे!"

"खरं आहे ते, मॅडम. मी स्वतः पडताळलंय. सात झाडं."

दाखला पुन्हा लिहावा लागला. भाऊसाहेबांनी शेऱ्यात मुकाट्यानं रेघ मारली. बाहेर आल्यावर माझ्या टेबलाशी थांबले. "आपल्या रजिस्टरला शक्तीचा रकानाच नाही, बाई," ते म्हणाले. "छपाईतच राहिलाय." मी हसले. पण ते हसत नव्हते, आणि मला मग उगीचच ओशाळल्यासारखं झालं. रद्द झालेला तो दाखला त्यांनी फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती नाताळात. यजमानांना विरारच्या फ्लॅटमधून बाहेर काढणं म्हणजे दिव्य, त्यामुळे एकटीच गेले. वाटेत फाट्यावर रिक्षातून उतरले आणि एका बाईला विचारलं, "कैतान कुठे राहतात?"

"कोनता कैतान?"

"कैतान मिंगेल."

"कैतान मिंगेल तं चार हायेत," ती म्हणाली. "काय म्हनतात त्याला?"

"शाळेत क्लार्क आहेत."

"अगो, मंग रकाना म्हन की! रकान्याचं घर. ती विहीर दिसते ना, तिच्या मांगं."

तर गावात भाऊसाहेबांना रकाना म्हणत. मी घरात शिरल्या शिरल्या ते त्यांच्या तोंडावर फेकलं. ते लाजले, पण नाकारलं नाही. त्यांच्या बायकोनं समोर फराळाची ताटली ठेवली, शेजारी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, ठेवली, आणि म्हणाली, "तुमाला वही दावली का नाय अजून? सगल्यांना दावतात."

वही म्हणजे शाळेचंच एक जुनं, कोरं राहिलेलं रजिस्टर होतं. भाऊसाहेबांनी त्यात हातानं रकाने आखले होते. बाप्तिस्म्याचं नाव. टोपणनाव. नातेवाईक. व्यवसाय. शक्ती. उणीव. प्रथम दर्शन, म्हणजे भाऊसाहेबांनी त्या माणसाला पहिल्यांदा कुठे पाहिलं ते. अमेरिकेच्या कोशात होते तसेच रकाने, आणि अक्षरानुक्रमे अख्खं गाव. त्यांच्या गावात नावं मोजकी. बस्त्याव, इनास, मिंगेल, सांतान, मारी, रोझी. आजोबाचं नाव नातवाला, आजीचं नातीला. मग ओळखायचं कसं? म्हणून प्रत्येकाला गावानं एक नाव चिकटवलेलं. खरं नाव फक्त चर्चच्या आणि शाळेच्या रजिस्टरात.

मी वाचत गेले. "टोपणनाव: दोन-चमचे. व्यवसाय: शिवणकाम. शक्ती: लग्नघरात शिरताच जेवण कमी पडणार का ते ओळखते. उणीव: तसं मोठ्यानं बोलते." मी हसता हसता हातातलं सुकेळं खाली टाकलं. पान उलटलं. "टोपणनाव: कुरकुऱ्या. बाप्तिस्म्याचं नाव: मिंगेल इनास. नातेवाईक: मुलगा कैतान, टोपणनाव रकाना. व्यवसाय: रहाट दुरुस्ती." पुढे शक्तीचा रकाना इतका भरला होता की अक्षरं समासात गेली होती.

"हे तर तुमचे वडील," मी म्हणाले.

भाऊसाहेब मला घरामागे घेऊन गेले. विहिरीच्या काठावर रहाटाचा दगडी चौथरा तेवढा उरला होता. शेजारी विजेची मोटर गुरगुरत होती. तिथे उभं राहून त्यांनी सांगितलं. त्यांच्या आवाजात रडकेपणा नव्हता, क्लार्क सांगतो तसं क्रमानं सांगितलं.

वडील मुंबईच्या इस्पितळात गेले. दिवस लावणीचे होते. दुपारी त्यांना घरी आणलं, चार वाजता माती द्यायची ठरली. कुणी मेलं की चर्चच्या फाटकाजवळच्या फळ्यावर नाव लिहायची तिथे पद्धत. भाऊसाहेब नुकते शाळेत लागलेले, घरातले पहिले शिकलेले. चिठ्ठी त्यांनी लिहून दिली. "त्यांना कुरकुऱ्या म्हणायचे, याची मला लहानपणापासून लाज, बाई. मला वाटायचं, बाप सदा कुरकुर करतो म्हणून लोक हसतात. निदान मेल्यावर तरी माणसाला खरं नाव मिळू दे, असं मनात आलं. मी लिहिलं, मिंगेल इनास, वय, वेळ. कंसात काही नाही."

मातीला शेजारपाजारचे वीस-बावीस लोक आले.

"पंधरा दिवसांनी पलीकडच्या आळीतली एक म्हातारी दारात आली. म्हणाली, कुरकुऱ्या हाय का घरात? आमचा रहाट रडते दोन दिस. मी म्हटलं, मावशी, बाबा गेले. फळ्यावर लिहिलं होतं. तर म्हणाली, नातीनं वाचून दावला फळा. पन तो कोन मिंगेल होता. आमी नाय वळखत." भाऊसाहेबांनी चौथऱ्याकडे बोट दाखवलं. "आणि मग ती या चौथऱ्यावर बसली आणि रडायला लागली. इतकं तर मीही रडलो नव्हतो."

त्या म्हातारीकडून भाऊसाहेबांना कळलं की कुरकुऱ्या हे नाव कुरकुर करण्यावरून नव्हतं. ती कुरकुर रहाटाची. होळी गावापासून आगाशीपर्यंत वाड्यांमध्ये रहाट होते तेव्हा हा माणूस रस्त्यावरून जाता जाता थांबायचा, मान डाव्या खांद्याकडे कलती करायचा आणि लांबूनच सांगायचा, "तुमच्या रहाटाची तिसरी फळी सुटते. आज उतरवा, नाहीतर बैल पडेल." रहाटाची कुरकुर ऐकून दुखणं ओळखणारा, म्हणून कुरकुऱ्या. त्यानं किती बैल वाचवले, किती भाज्यांचे वाफे वाचवले याची गणती नाही.

"त्यानंतर वर्षभर लोक विचारत राहिले, बाई. रस्त्यात अडवून. तुझा बाप दिसत नाय कुठं? मी प्रत्येकाला सांगायचो, आणि प्रत्येक जण एकच म्हणायचा, अरे, मंग सांगितलं का नाय? शेकड्यानं माणसं आली असती. मी त्यांना येऊ दिलं नाही. शुद्ध अक्षरात लिहून येऊ दिलं नाही."

मोटर चालूच होती.

"मग तुमचं हे पुस्तक आलं," ते म्हणाले. "त्यात बघितलं, तर प्रत्येकाचं खरं नाव आहे, पण ते बारीक अक्षरात. मोठ्या अक्षरात लोकांनी ठेवलेलं नाव. आणि त्या नावातच त्याची शक्ती! खऱ्या नावावरून काहीच कळत नाही. मी म्हटलं, अरे, हे तर आपलं गाव आहे."

त्या दिवसापासून मी त्या कोशाला हसले नाही. थोडं हसले असेन, पण मनातून नाही.

वही लिहून भाऊसाहेब गप्प बसले असते तर प्रश्न नव्हता. पण त्यांचा जीव फळ्यात अडकला होता. गावात कुणी गेलं की ते सायकल मारत फाटकाशी जायचे, आणि फळ्यावरच्या नावापुढे खडूनं कंस करून टोपणनाव लिहायचे. म्हातारी माणसं खूश होती, पण शिकलेल्या मुलांना ते खपेना. भाऊसाहेबांना वाटलं होतं तेच त्यांना वाटायचं, आपल्या बापाचं हसं होतंय. दोन-तीन घरांनी कंस पुसून टाकले. भाऊसाहेब पुन्हा लिहायला जायचे नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी शाळेत लाल पेन उघडायची वेळ आल्यासारखे दिसायचे.

आणि मग फेलिक्सचा प्रसंग झाला. फेलिक्स म्हणजे त्यांच्याच गावचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला गृहस्थ. त्याचे वडील बस्त्याव गेले आणि चार दिवसांनी तो थेट शाळेच्या ऑफिसात आला. दुखवट्याची काळी पट्टी दंडावर, चेहरा लाल. मी तिथेच पगारपत्रकावर सही करत होते.

"तुम्ही फळ्यावर काय लिहिलंत? सांगा या बाईंना, काय लिहिलंत!"

"बस्त्याव जुजे, कंसात उद्या," भाऊसाहेब म्हणाले.

बस्त्यावला गाव उद्या म्हणायचं. काहीही काम सांगा, उत्तर एकच, उद्या. वहीत मी ती नोंद वाचली होती. पण पुढे काय घडलं असेल हे एका क्षणात माझ्या डोक्यात आलं, आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"उद्या!" फेलिक्स ओरडला. "अर्ध्या गावाला वाटलं, माती उद्या आहे! त्याच दिवशी पुरलं आम्ही बाबांना, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता साठ-सत्तर माणसं काळे कपडे घालून, फुलं घेऊन दारात! माझ्या आईनं त्यांना काय सांगावं? चहा करता करता तिचे हात भरून आले!"

भाऊसाहेब उभे राहिले. हात जोडले. "चुकलो, फेलिक्स. वेळेपुढे 'आज' असं लिहायला हवं होतं. माझी चूक."

"आणि आळशी म्हणून जगभर केलंत माझ्या बापाला!"

"आळशी होताच तुझा बाप," भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले. "ते मी नाही ठेवलं नाव. पण दोन्ही दिवस माणसं आली ना रे? माझ्या बापाला एक दिवसही एवढी नाही आली."

फेलिक्स खुर्चीवर बसला. मग त्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतोय, आणि तो रडतच होता, पण मधूनच त्याला हसूही फुटत होतं. "बाबा असते तर म्हणाले असते," तो डोळे पुसत म्हणाला, "जाऊ रे, घाई काय, उद्या जाऊ." तो गेला तेव्हा भाऊसाहेबांशी एक शब्द बोलला नाही. भाऊसाहेबांनी त्यानंतर फळ्याला हात लावणं सोडलं. घरच्यांनी बोलावलं तरच लिहीन, म्हणाले. कुणी बोलावलं नाही. वही मात्र ते लिहीत राहिले.

मला वहीत स्वतःचं नाव पाहायची हौस होती. दर नाताळात मी "म"च्या पानावर डोकावायची, मराठीच्या बाई म्हणून. काही नाही. एकदा न राहवून विचारलंच.

"तुमचं पान आहे की," भाऊसाहेब म्हणाले. "पण नाव पडलं नाही अजून. मी ठेवून चालत नाही, ते लोकांकडून यावं लागतं. राहा इथंच थोडी वर्षं."

मी हसण्यावारी नेलं, पण मला वाईट वाटलं होतं. विरारला आमचा फ्लॅट होता, रेशनकार्ड होतं, लेक तिथे जन्मली होती. तरी मी बाहेरची ती बाहेरचीच.

भाऊसाहेब निवृत्त झाले. निरोप समारंभात मुख्याध्यापिकांनी त्यांच्या अचूक कारभाराचं कौतुक केलं, आणि भेट म्हणून घड्याळ दिलं. त्यांनी जाताना कोश माझ्या टेबलावर आणून ठेवला. "आता याला दाखल क्रमांक द्या, बाई." मी दिला. साक्षीला त्यांना उभं केलं.

पुढच्याच वर्षी यजमानांची नाशिकला बदली झाली. सामान बांधून झालं आणि जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी नंदाखालला निरोप घ्यायला गेले. चर्चपाशी रिक्षा थांबवावी लागली, कारण फाटकाजवळ भाऊसाहेब उभे दिसले. त्यांच्या बगलेत वही होती. आणि फळ्यासमोर हातात खडू घेऊन, दंडाला काळी पट्टी बांधून फेलिक्स उभा होता.

"याची आई गेली, सकाळी," भाऊसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. "स्वतः घरी आला. म्हणाला, काका, माझ्या आईला लोक काय म्हणायचे? मला ठाऊकच नाही. घरात आम्ही आईच म्हणायचो."

फळ्यावर फेलिक्सनं लिहिलं होतं, "मारी बस्त्याव." पुढे कंस उघडला होता आणि तो थांबला होता.

"काका, लिहू?"

"मूठभर," भाऊसाहेबांनी सांगितलं. "ठ पूर्ण. मू दीर्घ." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाजी विकायची बाजारात. तोलून झाली की वर एक मूठ टाकायची. सगळ्यांना. आयुष्यभर."

फेलिक्सनं लिहिलं. कंस मिटला. त्याखाली वेळ लिहिली आणि वेळेच्या आधी मोठ्या अक्षरात "आजच" असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. भाऊसाहेबांनी ते पाहिलं आणि दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मी निरोपाचं बोलले. नाशिकचा पत्ता दिला. भाऊसाहेबांनी वही उघडून तो माझ्या पानावर उतरवून घेतला आणि पान माझ्यापुढे धरलं. "पडलं बरं का नाव. तुम्ही माझ्याकडे येता तेव्हा आमच्या आळीतल्या बायका म्हणतात, पणबाई आल्या."

मी वाचलं. "टोपणनाव: पणबाई. शक्ती: कशालाही 'पण' लावून दुसरी बाजू काढते. उणीव: तीच. प्रथम दर्शन: रद्दीच्या ढिगापाशी."

"पण मी..." मी म्हणाले, आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही. भर रस्त्यात, परक्याच्या दुःखाच्या दारात, मी स्वतःच्या नावासाठी रडले.

तेवढ्यात एक म्हातारा सायकलवरून आला. हँडलला रिकाम्या टोपल्या. फळ्याशी त्यानं एक पाय टेकला, ओठ हलवत "मारी बस्त्याव" वाचलं आणि पुन्हा पेडलवर पाय ठेवला. मग त्याची नजर कंसावर गेली. तो सायकलवरून उतरला. डोक्यावरची टोपी काढली, थोडा वेळ तशीच हातात धरली. फेलिक्सला त्यानं काही विचारलं नाही. सायकल वळवली आणि आलेल्या वाटेनं परत निघाला. पहिल्याच घरापाशी त्याचा आवाज आला, "ए रोझी! मूठभर गेली गो! आजच हाय, चार वाजता!"

कुणीतरी आतून ओरडून विचारलं. कुणीतरी पुढच्या घराला सांगितलं. नाव वाडीतून आत आत जात राहिलं, केळींच्या पलीकडे, मला ऐकू येईनासं होईपर्यंत. मी रिक्षात बसले. मागे वळून पाहिलं तेव्हा भाऊसाहेब फळ्यापाशी तसेच उभे होते, मान डाव्या खांद्याकडे कलती करून, ऐकत.